मोडलेले यंत्र आणि नवे यंत्र

१८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे एक लहानसे दुकान काढले. सायकल ही त्या काळी नवलाईची वस्तू होती. ती विकत घेणारे थोडे, आणि ती बिघडली असता तिचे काय करावयाचे हे जाणणारे त्याहूनही थोडे. म्हणून विक्रीबरोबर दुरुस्तीचे कामही त्या दुकानाच्या वाट्यास आले. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापनाची नोकरी सोडून बेळगावास येऊन राहिले. कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीस तेथेच आरंभ झाला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. एका मोठ्या कारखानदारीची पहिली पायरी अशी सायकलीच्या दुकानात सापडते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्र उघडावे, दोष शोधावा आणि झिजला असेल तेवढाच भाग बदलावा, ही दुरुस्तीची रीत. नांगराचा फाळ झिजला म्हणून शेतकरी नांगर टाकून देत नाही. तो फाळ बदलतो.

त्याच बेळगावात, आणि उत्तरेस निपाणीच्या बाजारपेठेत, हाच प्रश्न आज निराळ्या यंत्राच्या संबंधाने उभा राहतो. ते यंत्र म्हणजे लॅपटॉप. तो बंद पडला तर दुरुस्त करावा, की नवा घ्यावा?

निपाणीतील एखाद्या घराचे उदाहरण घ्यावे. आई विड्या वळते, वडील तंबाखूच्या वखारीत कामास जातात, आणि थोरली मुलगी बेळगावच्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकते. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना १९९८ साली बेळगावात झाली. तेव्हापासून या शिक्षणाची वाट सीमाभागातील मुलामुलींना पुष्कळच जवळची झाली आहे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी घराने पैपैसा साठवून लॅपटॉप घेतला. तिसऱ्या वर्षी, वैशाखातल्या एका संध्याकाळी वळीव कोसळतो, वीज कडाडते, आणि भिंतीतील खोबणीला जोडलेला तो लॅपटॉप जो बंद पडतो तो पुन्हा उघडत नाही. दुकानदार तो हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, “मावशी, ह्यात आता काही राम नाही. नवाच घेऊन टाका.”

नव्याची किंमत म्हणजे आईच्या कित्येक महिन्यांची मजुरी. परंतु आईचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ती मुलीला विचारते, “आत काय काय होतं गं?”

हा प्रश्न दुकानदाराच्या सल्ल्याहून अधिक मुळाशी जाणारा आहे. गोदरेज कंपनीने १९५५ साली टंकलेखन यंत्र बाजारात आणले, आणि त्यानंतर कित्येक दशके कचेऱ्यांतून, वकिलांच्या ओसरीवरून व शाळांतून अशी यंत्रे खडखडत राहिली. ते यंत्र मोडले तर मजकूर मोडत नसे. कागद कपाटात राही आणि यंत्र तेवढे दुरुस्तीस जाई. लॅपटॉपमध्ये मात्र लेखणी, कागद व कपाट ही तिन्ही एकाच पेटीत बंद असतात. पेटी बंद पडली की तिन्ही एकदमच नाहीशी झाल्यासारखी वाटतात. वस्तुतः तसे नसते. आणि म्हणूनच नवे घेण्याच्या आधी जुन्याची नीट तपासणी होणे अगत्याचे आहे.

या तपासणीला एक क्रम आहे. सर्वांत आधी विद्युत्पुरवठा करणारा जोड, म्हणजे अ‍ॅडाप्टर, पाहावा. विजेच्या उसळीत पुष्कळदा तोच जळतो, आणि त्याच मापाचा दुसरा जोडून पाहिला की यंत्र जिवंत होते. त्यानंतर बॅटरी. लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरी ही ज्या संशोधनातून निर्माण झाली त्यास २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि तिचेही आयुष्य ठरलेलेच असते. काही शे वेळा भरली व रिकामी झाली की तिची धारणाशक्ती उतरू लागते, आणि उष्णतेत ती अधिक लवकर उतरते. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नये, टोचू नये, तिला पुन्हा वीज जोडू नये. ती जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावी. पडदा काळा पडला असेल तर यंत्र बाहेरच्या पडद्यास जोडून पाहावे. कळफलक, बिजागरी, पंखा व बॅटरी हे भाग बहुतेक यंत्रांत बदलता येतात. जुन्या यंत्राची मंद गती ही तर अनेकदा त्यातील फिरत्या तबकडीची असते. तिच्या जागी फिरता भाग नसलेली नवी साठवणूक बसविली की तेच यंत्र आणखी काही वर्षे काम देते.

दोष मदरबोर्डात असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. सगळ्या यंत्राचा तो कणा. तो बदलण्याचा खर्च त्याच तोडीच्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नवे घेणे बरे, असा साधारण व्यवहारी हिशेब मांडला जातो. त्याच्या जोडीस दुसरेही एक कारण येते. विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुढची विंडोज ११ ही प्रणाली बऱ्याच जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. यंत्र धडधाकट असूनही ते म्हातारे ठरते, ते असे. अशा यंत्रावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालून ते लिहिण्यावाचण्यासाठी वापरता येते, हा मार्ग दुकानात क्वचितच कोणी सांगतो.

आता आईच्या प्रश्नाकडे वळावे. मदरबोर्ड जळाला तरी साठवणुकीचा भाग बहुधा शाबूत असतो. तो काढून एका लहान डबीत बसविला आणि दुसऱ्या संगणकास जोडला की आतील सर्व काही वाचता येते. या नियमास दोन अपवाद आहेत. काही पातळ यंत्रांत हा भाग मदरबोर्डावर डाखच देऊन बसविलेला असतो, आणि तो वेगळा काढता येत नाही. काही यंत्रांत मजकूर सांकेतिक कुलपात ठेवलेला असतो. त्याच्या किल्लीचा क्रमांक आधी जपून ठेवला नसेल तर मालकालाही तो उघडता येत नाही. म्हणून जाणते लोक तीन प्रतींचा नियम सांगतात: महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी.

आणि सीमाभागात या ‘आत काय होते’ला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव-निपाणीचा हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे येथील घरात दोन लिप्या एकत्र नांदतात. शेताचा उतारा, ज्यास कर्नाटकात पहाणी म्हणतात, तो कन्नडमध्ये. आणि आजोबांनी कोणाकडून तरी टंकून घेतलेल्या आपल्या तरुणपणाच्या आठवणी मराठीत. त्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये अभ्यासाच्या कामाशेजारी ही दोन्ही असतात. साठवणुकीचा भाग दुसऱ्या संगणकास जोडला जातो, आजोबांची संचिका उघडते, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची एक निरर्थक रांग उमटते. घरच्यांना वाटते, मजकूर गेला.

मजकूर गेलेला नसतो. जुन्या काळी श्रीलिपीसारख्या टंकांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतक्रमांकांवर बसविलेली असत. कन्नडच्या नुडीच्या आरंभीच्या टंकांचीही हीच तऱ्हा. तो विशिष्ट टंक संगणकावर असेल तरच अक्षरे दिसत. नसेल तर त्यांच्या खालचे इंग्रजी संकेत तेवढे उघडे पडत. युनिकोडने ही अडचण मुळातूनच दूर केली. ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना स्वतःचे स्वतंत्र क्रमांक मिळाले. म्हणून नव्या यंत्राकडे जाताना जुना मजकूर नुसता उचलून ठेवणे पुरे नव्हे. मूळ टंक शोधून तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, आणि मग डोळ्यांखालून घालून शुद्ध करावा. कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार यांच्या चुका राहून जातात. हे काम जुने यंत्र भंगारात जाण्यापूर्वी करावयाचे असते. पुढे तो टंक मिळणे अधिकाधिक दुर्घट होत जाईल.

नवे यंत्र घेताना या दोन भाषांची एक सोय मात्र आपोआप हाती येते. इन्स्क्रिप्ट नावाचा जो कळफलक भारतीय लिप्यांसाठी प्रमाण मानला गेला, त्यात सारख्या उच्चाराची अक्षरे बहुतांशी एकाच कळीवर असतात. इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीचा ‘क’ आहे, आणि कन्नडचा ‘क’ही तेथेच आहे. मराठी व कन्नड या दोहोंना प्रिय असलेला ‘ळ’ही दोन्हीकडे एकाच ठिकाणी सापडतो. एका लिपीवर बसलेला हात दुसऱ्या लिपीत फारसा अडखळत नाही. बेळगावच्या मुलाला ही विद्या महिन्याभराच्या सरावाने साध्य होण्यासारखी आहे, आणि दोन भाषांच्या मुलखात तिचे मोल मोठे आहे.

खरेदी कोल्हापुरास करावी की बेळगावास, हाही निपाणीकरांचा नेहमीचा विचार. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर देशभर एकच झाल्याने लॅपटॉपवरील कराचा दर दोन्हीकडे १८ टक्केच आहे. तेव्हा कराचा विचार सोडून हमीचे काम कोठे जवळ होईल ते पाहावे. बॅटरी, स्मृती आणि साठवणूक पुढे बदलता येते की नाही, हे पावती फाडण्यापूर्वी विचारावे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसारख्या वस्तूवर तिच्या दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात. भारत सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक माहितीस्थळ सुरू केले. गिऱ्हाइकाने हा प्रश्न दुकानात विचारण्याची सवय लावून घेतली, तर त्या हक्कास खरा अर्थ येईल.

शेवटी उरतो तो जुना सांगाडा. त्यात तांबे असते, अल्पसे सोने असते, आणि शिशासारखी विषारी द्रव्येही असू शकतात. तो रद्दीवाल्याला दिला तर तारा जाळून तांबे काढले जाण्याचा धोका असतो; तो धूर कोणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून सांगाडा नोंदणीकृत संकलन केंद्राकडे किंवा उत्पादकाच्या परत-योजनेत द्यावा. साठवणुकीचा भाग कोणाला द्यावयाचा झाल्यास तो आधी पूर्णपणे पुसून द्यावा.

निपाणीच्या त्या घरात अखेर काय होते? अ‍ॅडाप्टर बदलून पाहिला जातो. उपयोग होत नाही. मदरबोर्डच जळलेला निघतो. दुकानदाराचा सल्ला चुकीचा नव्हता, तो फक्त घाईचा होता. साठवणुकीचा भाग काढून डबीत बसतो. मुलीचा प्रकल्प मिळतो. आजोबांच्या आठवणींसाठी टंक एका छापखान्याच्या जुन्या संगणकावर सापडतो. नवे यंत्र येते. पण नवे म्हणजे कारखान्यातून कोरे आलेले नव्हे, तर हमीसह दुरुस्त करून विकलेले. त्याची किंमत घराला झेपते. जुना साठवणुकीचा भाग त्याच डबीत दुसरी प्रत म्हणून कपाटात राहतो.

आणि तिसरी प्रत? ती मुलगी आजोबांचे चाळीस पृष्ठांचे लेखन कागदावर छापून घेते. आजोबा ते चष्म्याजवळ धरून वाचतात, आणि दुसऱ्याच पृष्ठावर रफाराची एक चूक काढून तिच्या हाती पेन्सिल मागतात.