संगणकांत वसविलेलें गांव

दिवाळी उलटली आणि शेतांतलें सोयाबीन बाजारांत जाऊन पडलें, कीं धारणीच्या एस. टी. स्थानकावर गर्दी वाढूं लागते. डोक्यावर गांठोडें, कमरेवर मूल, हातांत दोरीनें बांधलेलीं पातेलीं, अशीं कुटुंबेंच्या कुटुंबें गाडीची वाट पाहत बसलेलीं दिसतात. कोणी अमरावती-अकोल्याच्या सपाटीकडे निघालेले असतात, कोणी सरहद्द ओलांडून बऱ्हाणपूर-खंडव्याकडे. विटांच्या भट्ट्या, हरभऱ्याची सोंगणी, शहरांतलीं इमारतींचीं कामें. जेथें मजुरी मिळेल तेथें. धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्याचे दोन डोंगराळ तालुके मिळून मेळघाट होतो, आणि तेथील मोठी वस्ती कोरकूंची आहे. हींच माणसें होळीला परत येतात. कारण कोरकूंच्या घरीं होळीएवढा मोठा सण दुसरा नाहीं. परत यावें असा हुकूम कोणी काढीत नाहीं, आणि जावें असाहि कोणी काढलेला नसतो.

हीं माणसें कां जातात, हा प्रश्न शहरांतल्या सुशिक्षित घरांत निघाला, तर बहुधा दोन उत्तरें ऐकूं येतात. एक, गरिबी, दुसरें, संवय. पहिलें उत्तर खरें आहे, पण अपुरें. सारखींच गरीब दोन गांवें शेजारीं असतां एक रिकामें व्हावें आणि दुसऱ्यानें जागचें हलूं नये, असें घडलें तर त्याचा उलगडा गरिबीनें होत नाहीं. दुसरें उत्तर तर उत्तरच नव्हे. तो एक शेरा आहे, आणि शेऱ्याची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते. कुटुंब गांव सोडतें तेव्हां अंगणवाडींतलें मुलाचें वजन चुकतें, गरोदर बाईची तपासणी चुकते, शाळेंतलें नांव नुसतें पटावर राहतें. १९९३ सालीं मेळघाटांतील बालमृत्यूंच्या बातम्या सर्वत्र झाल्या, तेव्हांपासून या मुलखाविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे; आणि त्या बोलण्याच्या शेवटीं ‘या लोकांना समजतच नाहीं’ हें वाक्य किती वेळां आलें असेल, तें मोजण्याची सोय नाहीं.

समूहाचें वागणें पाहून माणसाच्या मनाविषयीं निकाल देण्याची ही घाई कितपत रास्त आहे, हें तपासण्याचें एक साधन गेल्या पन्नासएक वर्षांत समाजशास्त्राच्या हातीं आलें आहे. त्याची रीत अशी: समाजाचें एकच मोठें समीकरण मांडण्याऐवजीं संगणकांत शेंकडों किंवा लाखों कल्पित माणसें वसवावयाचीं, प्रत्येकाला वय, घर, शेजारी आणि वागण्याचे दोनचार साधे नियम द्यावयाचे, मग संगणकांतले दिवस पुढें सरकूं द्यावयाचे आणि काय होतें तें पाहावयाचें. सगळें गांव कसें वागेल, याविषयीं संगणकाला एक अक्षरहि सांगितलेलें नसतें. तें माणसांच्या परस्परांशीं वागण्यांतून आपोआप घडलें पाहिजे.

या रीतीचा एक प्रसिद्ध आरंभ संगणकावांचूनच झाला, हें ऐकून नवल वाटेल. थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें चौकटींच्या पटावर दोन प्रकारचीं नाणीं विखरून ठेविलीं व कांहीं घरें रिकामीं सोडलीं. नियम एकच: शेजारच्या नाण्यांपैकीं निदान एक-तृतीयांश आपल्या प्रकारचीं असलीं कीं नाणें समाधानी, नसलीं तर त्यानें उठून सोयीच्या रिकाम्या घरांत जावें. इतकी माफक अपेक्षा. दोन-तृतीयांश शेजारी परके असले तरी ज्याची तक्रार नाहीं, त्याला कोणी असहिष्णु म्हणणार नाहीं. तरी पण नाणीं हलतां हलतां पटावर दोहोंच्या वेगळ्या वस्त्या उभ्या राहिल्या. १९७१ सालीं शेलिंग यांनीं हें विस्तारानें प्रसिद्ध केलें. अशी फाटलेली वस्ती व्हावी असें एकाहि नाण्याच्या मनांत नव्हतें, आणि पट पाहणाऱ्यानें मात्र प्रत्येक नाण्याच्या मनांत द्वेष आहे असें खुशाल मानलें असतें.

हा पट बाजूला ठेवून आतां धारणी तालुक्यांतलें एखादें गांव डोळ्यांपुढें आणावें. गांव कल्पित आहे. त्याला नांव देण्याची गरज नाहीं. त्यांत शंभर घरें आहेत. पहिल्या घराची अडचण अशी कीं कोणी जावो न जावो, तें जाणारच. दुसरें घर एक घर गेलेलें पाहिलें म्हणजे निघतें. तिसरें दोन गेल्यावर, चवथें तीन गेल्यावर, अशा क्रमानें शंभरावें घर नव्व्याण्णव घरांना कडी लागलेली पाहून मग आपल्या दाराला लावतें. प्रत्येक घराचा उंबरठा असा निराळ्या उंचीचा आहे. पहिलें घर निघालें कीं हां हां म्हणतां सगळें गांव ओस पडतें. आतां या गांवांत एकच फेरफार करावा: दुसऱ्या घराला, एकाऐवजीं दोन घरें गेलेलीं पाहिल्याशिवाय निघावयाचें नाहीं. बाकीचीं नव्व्याण्णव घरें होतीं तशींच. आतां पहिलें घर जातें, आणि तेथेंच सारें थांबतें. कारण एक घर गेल्यावर निघणारें कोणी उरलेलेंच नाहीं. दोन्ही गांवांची गरिबी तीच, माणसें तींच, सरासरी काढली तर फरक नांवालाहि दिसणार नाहीं. तरी एका गांवांत कुत्रीं तेवढीं मागें राहतात व दुसऱ्यांत नव्व्याण्णव चुली पेटतात. पाहुणा येऊन पहिल्याला भटकें म्हणेल व दुसऱ्याला स्थिर, आणि दोन्ही वेळां त्याची चूक होईल.

हें गणित मार्क ग्रानोवेटर या समाजशास्त्रज्ञानें १९७८ सालीं मांडलें. त्याचें उदाहरण दंगलीचें होतें. युक्तिवाद मात्र स्थलांतरालाहि तितकाच लागू पडतो. कागदावर तो सुटतो, कारण येथें प्रत्येक घर सगळ्या गांवाकडे पाहतें असें धरलें आहे. खरें घर तसें पाहत नाहीं. कोरकू गांवाची जुनी मांडणी म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा आणि मधून रस्ता; दारांत उभें राहिलें म्हणजे समोरचें घर दिसतें, बाजूचें दिसतें, पलीकडच्या टोकाचें दिसतेंच असें नाहीं. शिवाय दुसऱ्या गांवांत दिलेली बहीण आहे, भट्टीचा मुकादम आहे, त्यानें आगाऊ दिलेले पैसे आहेत. मुकादम तर एका घराशीं बोलत नाहीं, पांच घरांशीं एकदम बोलतो. हे सगळे धागे एकत्र आले कीं कागद-पेन्सिल थकते. संगणक थकत नाहीं. तो तेंच गांव हजार वेळां वसवितो, दर वेळीं कोणाला ताप आला, कोणाची मजुरी अडकली, असे योगायोग निराळे घालतो आणि हजारांपैकीं किती वेळां गांव रिकामें झालें तें सांगतो. उत्तर ‘होईल’ किंवा ‘होणार नाहीं’ असें नसतें. ‘बहुतेक वेळां’, ‘क्वचित्’ असें असतें. ज्यांना एका वाक्यांत भविष्य हवें आहे त्यांनीं जोशीबुवांकडे जावें.

गांव कां ओस पडलें, हा प्रश्न या रीतीनें एकदां प्रत्यक्षांत विचारला गेला आहे. अमेरिकेंतल्या ॲरिझोना प्रांतांत लाँग हाउस नांवाच्या खोऱ्यांत मका पिकवून राहणारे लोक सुमारें १३०० सालीं तें खोरें सोडून गेले. झाडांच्या खोडांतल्या वलयांवरून तेथील शेंकडों वर्षांचें पाऊसमान काढतां येतें. रॉबर्ट ॲक्सटेल, जोशुआ एप्स्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं त्या पाऊसमानावर संगणकांत कल्पित कुटुंबें वसविलीं आणि २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोकसंख्येची चढउतार पुष्कळच जुळली. शेवट जुळला नाहीं. संगणकांतल्या खोऱ्यांत, पाऊस कमी होऊनहि, थोडीं कुटुंबें तग धरून राहिलीं. खऱ्या खोऱ्यांत एकहि राहिलें नाहीं. म्हणजे जमीन कांहींजणांना पोसूं शकत होती, तरी तेहि गेले. कां गेले, हें पाऊस सांगत नाहीं. शेजार गेल्यावर मागें राहणें हें निव्वळ धान्याचें गणित नसतें, एवढें मात्र त्या न जुळलेल्या शेवटावरून दिसतें. जुळलेल्या भागापेक्षां हा न जुळलेला भाग अधिक मोलाचा आहे.

महाराष्ट्राला या साधनाची ओळख झाली ती महामारीच्या दिवसांत. २०२० सालीं मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनीं सव्वा कोटीच्या आसपास कल्पित मुंबईकर संगणकांत वसविले. त्यांना घरें दिलीं, शाळा-कचेऱ्या दिल्या, दाट झोपडवस्ती आणि इतर वस्ती असा भेद दिला, लोकलगाड्यांचा प्रवास दिला. मग टाळेबंदी केव्हां व किती उठवावी, गाड्यांत किती गर्दी चालेल, हे प्रश्न खऱ्या शहरावर प्रयोग न करतां विचारतां आले. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. तींत झोपडवस्तींतल्या शेंकडा सुमारें ५७ लोकांच्या आणि इतरत्र शेंकडा सुमारें १६ लोकांच्या रक्तांत पूर्वसंसर्गाच्या खुणा आढळल्या. हा फरक पाहून झोपडींतला माणूस बेफिकीर असा शेरा मारणें सोपें होतें. पण एका खोलींत सातआठ माणसें, शौचालय सामाईक, पाण्याचा नळ सामाईक. एवढी रचना दिली कीं संगणकांतला अत्यंत सावध माणूसहि तेथें आजारी पडतो.

या यशाला लागूनच त्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्याचा मान योगायोगानें अमरावतीकडे येतो. २०२१ च्या फेब्रुवारींत, राज्यांत इतरत्र सुटकेचा श्वास सोडला जात असतां, अमरावती जिल्ह्यांत रुग्ण झपाट्यानें वाढले. २२ तारखेच्या सायंकाळपासून अमरावती व अचलपूर या शहरांत पुन्हां टाळेबंदी आली. पुढें दुसरी लाट सर्व देशभर पसरली आणि तींत विषाणूच्या नव्या रूपाचा मोठा वांटा होता. २०२० सालीं लिहिलेल्या नियमांत तें रूप नव्हतें, असणारहि कसें? संगणकांतल्या माणसांना जें सांगितलें नाहीं तें त्यांना होत नाहीं. शिवाय या रीतीवर एक जुना आक्षेप आहे आणि तो खोडून काढण्याजोगा नाहीं: नियमांच्या खुंट्या पुष्कळ असल्या म्हणजे त्या पिळून हवा तो सूर काढतां येतो. दोन अगदीं भिन्न नियमांतून एकच चित्र उमटूं शकतें. तेव्हां चित्र जुळलें एवढ्यावरून नियम खरा ठरत नाहीं; तो खरा कीं खोटा हें त्या माणसाच्या दारांत जाऊनच विचारावें लागतें.

धारणीच्या बाबतींत खरी अडचण तीच आहे. शंभर घरांचे उंबरठे किती उंच, हें संगणकाला सांगावयाचें कोणीं? २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें गांव सोडून जाणाऱ्या माता-बालकांचा माग लागावा म्हणून एक संगणकीय नोंदव्यवस्था निवडक जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत अमरावती होता. हेतु चांगला होता: जेथें कुटुंब गेलें तेथल्या अंगणवाडींत मुलाला आहार मिळावा. कोण गेलें हें अशा नोंदींतून कळूं शकतें. कोण कोणाला पाहून गेलें हें कळावयाचें तर निराळे प्रश्न विचारावे लागतील, आणि ते कोरकू भाषेंत विचारावे लागतील. ही भाषा मराठीच्या कुळांतली नाहीं, गोंडीच्याहि नाहीं. ती मुंडा कुळांतली आहे. ‘समोरचें घर थांबलें असतें तर तुम्ही थांबला असतां काय?’ हा प्रश्न दुभाष्यामार्फत विचारला तर उत्तर ‘हो साहेब’ असें येण्याचा संभव फार.

आणखी एक गोष्ट सुशिक्षितांच्या लक्षांत बहुधा येत नाहीं. समजा, हे उंबरठे कळले. मग कोणत्या घराला वेळेवर काम व वेळेवर मजुरी दिली असतां गांवाची ही सांखळी तुटेल, तेंहि संगणक दाखवील. वरच्या उदाहरणांत तें दुसरें घर होतें, आणि तोच पैसा नव्वदाव्या घरावर खर्चिला असता तर शेवटचीं अकरा घरें तेवढीं थांबलीं असतीं. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानें १९७७ सालींच केला. त्याला असें डोळस साहाय्य मिळालें तर उत्तमच. पण सांखळी तोडणें म्हणजे माणसाला अडकवून ठेवणें नव्हे. बाहेर जाऊन चार पैसे मिळविणें हें कांहीं पाप नाहीं. तेल-मीठ, कपडालत्ता आणि जुनें देणें याच पैशांतून भागतें. सांखळी तुटली आणि गांवांत काम मात्र आलें नाहीं, तर तीं नव्व्याण्णव घरें संगणकांत स्थिर दिसतील आणि प्रत्यक्षांत उपाशी असतील. पटावरच्या नाण्याला पोट नसतें. ज्याचा उंबरठा मोजावयाचा त्याला, तो कशासाठीं मोजला जात आहे, हें आधीं सांगणें म्हणूनच अगत्याचें ठरतें.

विचारण्याला सोयीची वेळ होळीची. त्या चारपांच दिवसांत रांगेंतलीं सगळीं दारें उघडीं असतात, माणसें घरीं असतात आणि गेल्या हंगामांत कोणाला कोठें किती मजुरी मिळाली, कोणाची बुडाली, याचीच बोलणीं चाललेलीं असतात. होळी आटोपली कीं कांहीं घरांना पुन्हां कडी लागते. ती कोणत्या घराला पहिल्यानें लागली, तें समोरच्या दारांत बसलेल्या म्हातारीला ठाऊक असतें.