ज्ञानाचे सरळ वाण

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषणाचा गोषवारा)



२०१७ चा हंगाम कोणी विसरलेले नाही. गुलाबी बोंडअळीने विदर्भाची पऱ्हाटी खाल्ली. त्या साली एका कार्यालयाचे पत्रक माझ्या हाती आले. कामगंध सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री सापडले तर फवारणीची वेळ आली, असे त्यात होते. माहिती बरोबर, पण भाषा कचेरीची. आम्ही म्हटले, हेच आपल्या बोलीत लिहू, डोमकळीचे चित्र टाकू, गावोगाव वाटू. उत्तर मिळाले, "फुकट न्या, पण बदलून छापायचे तर परवानगी लागेल." परवानगी येईपर्यंत वेचणी संपली होती.

म्हणजे फुकट वेगळे, खुले वेगळे. संकरित बियाणे कोणी फुकट दिले तरी पुढच्या साली पुन्हा त्याच्याच दारात उभे राहावे लागते. मालदांडी ज्वारीचे तसे नाही. बी घरी राखा, पेरा, शेजाऱ्याला द्या, आपल्या जमिनीजोगे निवडत जा. बी राखण्याचा आणि देण्याघेण्याचा हा हक्क २००१ च्या कायद्यानेही मानला आहे.

ज्ञानाचेही असे सरळ वाण असते. त्याला मुक्त शैक्षणिक साधने म्हणतात. हे नाव २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत पडले. धडा असो, पुस्तक असो, चित्रफीत असो. ठेवा, वापरा, बदला, मिसळा, वाटा. दिल्लीच्या एनसीईआरटीने २०१३ मध्ये असे भांडार सुरू केले. अट एवढीच, की मूळ कर्त्याचे नाव द्या आणि तुम्ही सुधारलेलेही तसेच खुले ठेवा.

कोणी विचारील, बदलताना औषधाचे प्रमाण चुकले तर? शंका रास्त आहे. म्हणूनच मूळ कोणाचे आणि बदल कोणाचा, हे छापलेच पाहिजे. पण बंद पत्रकातही चूक होते, आणि ती दुरुस्त करून वाटण्याची मुभा आपल्याला नसते.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ ची, अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे. दोन्ही जनतेच्या पैशावर उभी आहेत. म्हणून आपली मागणी साधी आहे : जनतेच्या पैशातून निघालेली प्रत्येक शिफारस मराठीत यावी आणि खुल्या परवान्याने यावी. पत्रकाखाली तशी एक ओळ छापायला काय खर्च येतो?

आणि मागताना आपणही द्यायचे आहे. पेरणीची तारीख, पाऊस, किडीची नोंद आपल्या वहीत असेल तर ती गावाला खुली करा. कणगीत कोंडलेल्या बियाण्याला कीड लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.