हा खर्च कोणत्या खात्यात लिहावा?

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभराचा जमाखर्च छापील स्वरूपात आपल्या हाती आहेच. त्याचे वाचन करून आम्ही आपला वेळ घेणार नाही. मात्र त्यातील एका नोंदीविषयी बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. ‘किरकोळ खर्च’ या शीर्षाखाली ‘इअर मोल्ड’ अशी एक ओळ आहे. श्रवणयंत्र कानात घट्ट बसावे म्हणून कानाचा ठसा घेऊन जो साचा तयार करतात, तो हा मोल्ड. हिशेब तपासनिसांनी विचारले, की हा खर्च उपचाराचा की शिक्षणाचा? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. प्रत्येक रुपयाला त्याचे खाते दाखविता आले पाहिजे, हा आमचा जुना संस्कार. तरीही त्या प्रश्नाला आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही.

ती ओळ ज्याच्यामुळे आली, तो दुसरीतील एक मुलगा आहे. त्याला केंद्र शासनाच्या साहाय्यभूत साधनांच्या योजनेतून श्रवणयंत्र विनामूल्य मिळाले होते. ही योजना १९८१ पासून चालू आहे आणि तिने असंख्य कुटुंबांचा भार हलका केला आहे. पण मुलगा वाढला, त्याच्याबरोबर कानही वाढला, साचा सैल झाला आणि यंत्र शिट्टी वाजवू लागले. वर्गात व्यत्यय येतो म्हणून बाईंनी ते काढून ठेवावयास सांगितले. पुढे कित्येक दिवस ते यंत्र कंपासपेटीत आणि मुलगा शेवटच्या बाकावर, असा त्याचा अभ्यास चालला होता. बाईंचा यात दोष नाही. शिट्टी का वाजते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

सदर योजनेचा नियम असा, की एकदा साधन मिळाल्यावर तीन वर्षे पुन्हा मागता येत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची. मुले वाढतात, हे नियम करणाऱ्यांनी ध्यानात घेतले याबद्दल समाधान वाटते. परंतु लहान मुलाचा कान वर्षभर थांबत नाही.

आता शिक्षणाकडील तरतूद पाहू. दिव्यांग मुलांना सामान्य शाळेत घेण्याची केंद्राची पहिली योजना १९७४ ची. सर्व शिक्षा अभियानात प्रारंभी प्रत्येक मुलामागे वर्षाला १,२०० रुपये धरले जात. पुढे ते ३,००० झाले आणि त्यांतील किमान १,००० विशेष शिक्षकांसाठी राखून ठेवण्यात आले. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली, तेव्हा हा दर ३,५०० रुपयांपर्यंत गेला. भागाकार केला तर दिवसाला दहा रुपयेही होत नाहीत. शिवाय ही रक्कम पालकांच्या हाती पडत नाही. नोंद झालेल्या मुलांच्या संख्येने गुणून ती आराखड्यात धरली जाते आणि केंद्र व राज्य यांनी ६० व ४० या प्रमाणात तिचा भार उचलावयाचा असतो. म्हणजे ज्या मुलाची नोंद नाही, त्याच्या नावे आराखड्यात एक पैसाही नाही.

नोंदीचा मार्ग बहुतेक वेळा प्रमाणपत्रातून जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा अधिकार दिला, तो किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांना. आमच्या वाचा-श्रवण विभागाचा अहवाल कितीही काटेकोर असला, तरी तो प्रमाणपत्र ठरत नाही. त्यासाठी शासनाने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडेच जावे लागते. २०१७ च्या नियमांत त्यासाठी एक महिन्याची मुदत होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. ज्यांचा रोज बुडतो त्यांना यातील प्रत्येक खेप मोजावी लागते.

येथे आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. या मुलाची आई प्रथम आली तेव्हा आमच्या खिडकीवरून तिला ‘आधी प्रमाणपत्र घेऊन या’ एवढेच उत्तर मिळाले. कोठे जावे, कोणत्या वारी तपासणी असते, कोणते कागद लागतात, हे कोणीही सांगितले नाही. ती पाच महिने फिरकली नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या भाषेच्या दृष्टीने पाच महिने म्हणजे काय, हे आमच्या तज्ज्ञांनी नंतर समजावून सांगितले, तेव्हा आम्हांस मान खाली घालावी लागली.

सहा वर्षांपूर्वीचा काळ तर त्याहून मोलाचा. तेव्हा मूल आरोग्य खात्याचे असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली. शाळेत गेले की ते शिक्षण खात्याचे होते. विशेष शाळेत घातले तर आपल्या राज्यात पूर्वी सामाजिक न्याय विभागाचे, आणि डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाचे. स्वतंत्र विभाग झाला हे स्वागतार्हच आहे. पण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना मुलाची फाइल त्याच्याबरोबर जात नाही. ती आई पिशवीतून नेते.

आमच्यापुरते बोलावयाचे तर, उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार बिलांच्या दोन टक्के रक्कम आम्ही निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. वर्गात ऐकू यावे म्हणून द्यावयाचा साचा त्या निधीत बसतो का, याविषयी आमच्यातच दुमत आहे. तोवर मूल थांबू नये म्हणून विश्वस्त मंडळाने येत्या वर्षापासून ‘शालेय श्रवण साहाय्य’ असे स्वतंत्र शीर्ष उघडण्यास संमती दिली आहे. त्यातून साचे, बॅटरीचे सेल आणि प्रमाणपत्रासाठी जाण्यायेण्याचे भाडे दिले जाईल. दर सोमवारी आमचा एक लिपिक यूडीआयडी कार्डाचे अर्ज भरून देण्यासाठी बाह्यरुग्ण विभागात बसेल, आणि ज्या शाळेत आमचे मूल जाते तेथील शिक्षकांना आमच्या विभागाकडून दूरध्वनी केला जाईल.

देणगीदारांना मोठे यंत्र द्यावेसे वाटते, त्यावर नावाची पाटीही लागते. साच्यावर नाव कोरता येत नाही, ही अडचण आम्ही मान्य करतो. त्या मुलाचा नवा साचा जूनमध्ये बसविला. शिट्टी थांबली आहे आणि बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतले आहे. दिवाळीनंतर पुन्हा ठसा घ्यावा लागेल, असे विभागाने कळविले आहे. ज्यांना या शीर्षासाठी साहाय्य करावयाचे आहे, त्यांनी पावती घेताना तसा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा, म्हणजे ती रक्कम अन्यत्र वर्ग होणार नाही.