मेंदूची इजा आणि प्रयोगशाळेचे उत्तर
(वार्षिक सभेत मेंदू-शल्यचिकित्सा विभागाच्या वतीने केलेले भाषण)



अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे नातेवाईक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : मेंदू भरून येईल असे एखादे औषध नाही का? किंमत कितीही असो, आम्ही आणू. या प्रश्नाला जगभरच्या प्रयोगशाळांनी आजवर काय उत्तर दिले आहे, ते आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

मेंदूची इजा दोन टप्प्यांत होते. आघाताच्या क्षणी ज्या पेशी चिरडल्या जातात, ती हानी कोणालाही परत फिरवता येत नाही. परंतु त्यानंतरच्या काही तासांत आणि दिवसांत दुसरी इजा सुरू होते. रक्तस्राव वाढतो, मेंदूला सूज येते. कवटी ही बंद पेटी असल्याने सुजेला जागा मिळत नाही; आतला दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. दुखावलेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचे द्रव्य बाहेर पडते, त्यामुळे शेजारच्या निरोगी पेशींत प्रमाणाबाहेर कॅल्शियम शिरते आणि त्याही मरू लागतात. ही दुसरी इजा थोपवता येईल का, हाच संशोधनाचा मुख्य विषय आहे.

त्यासाठी प्रयोगशाळेत भूल दिलेल्या उंदरांच्या मेंदूवर मोजूनमापून आघात केला जातो आणि निरनिराळी औषधे देऊन पाहिली जातात. अमेरिकेतील डोनाल्ड स्टाइन यांना अशा प्रयोगांत दिसले की, मादी उंदरांचा मेंदू नरांपेक्षा अधिक चांगला सावरतो. त्यावरून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडे लक्ष गेले. उंदरांत सूज घटली आणि माणसांवरील सुरुवातीच्या लहान चाचण्यांतही आशादायक चित्र दिसले. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत ८८२ तर दुसरीत सुमारे १,२०० रुग्ण होते. २०१४ मध्ये दोन्हींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या प्रकृतीत काहीही फरक आढळला नाही.

असे का व्हावे? प्रयोगशाळेतील उंदीर एका वयाचे, एका वंशाचे असतात. आघात एकाच जागी, एकाच जोराचा असतो आणि औषध ठरल्या वेळी मिळते. आमच्याकडे येणारा एक रुग्ण विशीतला, दुसरा सत्तरीतला. एकाच्या मेंदूत रक्ताची गाठ, दुसऱ्याच्या मेंदूतील तंतू ताणले गेलेले. कोणी तासाभरात पोहोचतो, कोणी दुसऱ्या दिवशी.

तथापि अशा नकारालाही मोठे मोल आहे. डोक्याच्या इजेत स्टिरॉइड देण्याची पद्धत जगभर तीस वर्षांहून अधिक काळ चालू होती. सूज उतरेल, हा त्यामागील तर्क पटण्यासारखा होता. ‘क्रॅश’ या नावाने ४९ देशांत झालेल्या चाचणीत १०,००८ रुग्ण सहभागी झाले. २००४ मध्ये निष्कर्ष आला : स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. ज्यास आपण उपचार समजत होतो, तोच घातक ठरला. मोजून पाहिले नसते, तर हे कधीच कळले नसते. ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून परिचित असलेल्या सिटिकोलिनचीही अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर परीक्षा झाली; २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नव्वद दिवसांनंतर कोणताही लाभ दिसला नाही. दागिने गहाण ठेवून अशी औषधे आणण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांना ही माहिती मिळणे, हा त्यांचा हक्क आहे असे आम्ही मानतो.

आशेला जागाच नाही, असे मात्र मुळीच नाही. जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा शोध लावून १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने स्त्रिया दगावू नयेत, ही त्यांची तळमळ होती. त्याच स्वस्त औषधाची डोक्याच्या इजेत १२,७३७ रुग्णांवर परीक्षा झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इजा सौम्य वा मध्यम असताना तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू ५.८ टक्के होते, न मिळालेल्यांत ७.५ टक्के. अतिगंभीर इजेत मात्र असा लाभ दिसला नाही. प्रयोगशाळेतील शोध योग्य रुग्णापर्यंत पोहोचण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, हेही आपण ध्यानात घ्यावे.

मग आज हाती काय आहे? रुग्णाला लवकर आणणे, श्वास व रक्तदाब सांभाळणे, वेळेवर सिटी स्कॅन करणे, गाठ असल्यास शस्त्रक्रिया करणे आणि त्यानंतर महिनोन्‌महिने शुश्रूषा, भौतिकोपचार व वाचोपचार. प्राणवायूची एक घसरण किंवा रक्तदाबाचा एक उतार दुसऱ्या इजेला वाट करून देतो. म्हणून रात्रभर जागणारी परिचारिका ही या इजेवरील उपचाराचा कणा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, अपघातग्रस्तास सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. तेव्हा रस्त्यात पडलेल्या माणसास निःशंकपणे उचलावे. आणि दुचाकीवर बसताना हेल्मेट घालावे, कारण पहिली इजा टाळणारा दुसरा उपाय कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेला नाही.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे की, आपले दान चमत्काराच्या अपेक्षेने देऊ नये. प्रशिक्षित परिचारिका, सुसज्ज खाटा आणि घरी गेलेल्या रुग्णाचा दीर्घकाळ चालणारा भौतिकोपचार यांवर ते खर्च व्हावे. संशोधनालाही हात द्यावा. मात्र त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तरी पैसा वाया गेला असे समजू नये. त्या एका शब्दाने पुढच्या रुग्णाचा जीव वाचू शकतो.