गाडीच्या संगणकाचा द्वारपाल

केळीचा घड एकदा झाडावरून उतरला की तो कोणाची वाट पाहत नाही. फोपनार आणि बऱ्हाणपूरच्या आसपासचा मुलूख हा केळीचा मुलूख. तेथे घडांनी भरलेली छोटी मालमोटार भर दुपारी बांधावर अडून बसली, तर प्रश्न केवळ खोळंब्याचा राहत नाही. शेतकऱ्याच्या कमाईचा होतो. मिस्त्री दोन-चार वेळा सेल मारून पाहतो. इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. मग निदान होते, 'संगणक गेला!' आणि हजारो रुपयांचा खर्च पुढे उभा राहतो. हे निदान पुष्कळदा घाईचे असते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

देशभर एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही धुराची मानके लागू झाली. इंधन किती व केव्हा सोडावयाचे, हे आता संगणक ठरवितो. परंतु या संगणकाला वीज पोहोचते ती बहुधा एका लहानशा डबीतून. तिचे नाव मुख्य रिले. जुन्या डाकेत टप्प्यावर ताजा घोडा मिळे, तसेच हे काम आहे. एक-दोन दशांश अँपिअरचा क्षीण प्रवाह तिच्यातील वेटोळ्याला चुंबकत्व देतो. ते चुंबकत्व दोन धातूंची टोके जुळविते, आणि वीस-तीस अँपिअरचा जोरकस प्रवाह वाहण्याची वाट मोकळी होते. हा द्वारपाल झोपला, तर आतला संगणक धडधाकट असूनही निर्जीव ठरतो.

त्याची लक्षणे ओळखता येतात. चावी फिरवूनही इंजिनाचा इशारादिवा उजळत नाही, पंपाची गुणगुण ऐकू येत नाही, आणि तपासणीयंत्र जोडले तर संगणक उत्तरच देत नाही.

अशा वेळी बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आठवावा. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या त्या भूमिगत जलमार्गावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. शेवटच्या टोकाला पाणी आले नाही, तर शहाणा माणूस झऱ्याला दोष देत नाही. एकेका कुंडीत डोकावून पाणी कोठपर्यंत आले, ते पाहतो. विजेचेही तेच करावे.

आधी बॅटरी पाहावी. विसावलेल्या चांगल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. मग फ्यूज. नंतर रिले. बहुतेक रिलेंच्या तळाशी आकडे कोरलेले असतात. ३० या टोकावर बॅटरीची वीज सदैव हवी. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची टोके. चावी दिल्यावर एकाकडे वीज व दुसऱ्याकडे अर्थ मिळावयास हवा. ८७ मधून वीज संगणकाकडे जाते. पहिली तिन्ही टोके ठीक असून ८७ कोरडे राहिले, तर दोष रिलेचाच. वेटोळ्याला अर्थच मिळत नसेल, तर मात्र वायर तपासावी. कारण काही गाड्यांत तो अर्थ खुद्द संगणकच देतो.

येथे एक फसगत संभवते. मीटर जवळजवळ प्रवाह ओढत नाही, म्हणून जळकट टोकांतूनही तो बारा व्होल्ट दाखवितो. प्रत्यक्ष भार पडताच ती टोके कच खातात. म्हणून संगणक व पंप जोडलेले असताना ३० आणि ८७ यांच्या दरम्यानचा फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असला, तर रिले बदलावा.

उन्हाळ्याचाही विचार करावा. होंडाच्या १९८०-९० च्या दशकांतील गाड्यांत मुख्य रिलेच्या डाखाला सूक्ष्म तडे जात. उन्हात गाडी रुसे, गारवा येताच चालू होई. तापी खोऱ्यातील वैशाखात अशी तक्रार ऐकली, तर 'दोष सापडत नाही' असे म्हणून गाडी परत धाडू नये.

दुरुस्ती सोपी आहे: बॅटरीचे ऋण टोक काढावे, त्याच क्षमतेचा व तशाच जोडणीचा रिले बसवावा, हिरवट पडलेला खाचा स्वच्छ करावा किंवा बदलावा. काही नव्या गाड्यांत रिले फ्यूजपेटीतच जडविलेला असतो. तेथे काम जाणत्यावर सोपवावे. मात्र मोठा फ्यूज घालणे, किंवा ३० आणि ८७ यांना कायमची तार जोडणे, ही दुरुस्ती नव्हे. पहिल्याने आग लागू शकते. दुसऱ्याने बॅटरी रातोरात रिकामी होते.

महागडा भाग मागविण्यापूर्वी मिस्त्रीला एवढेच विचारावे: 'संगणकापर्यंत वीज पोहोचते, हे भार असताना मोजलेत का?' त्याचे उत्तर 'होय' असे आल्यावरच खिशात हात घालावा.