आतून लागणारी कडी

मी भिलाईला लागून असलेल्या बोरसीतून बोलतोय. तीस वर्षं फौजेत होतो. कितीतरी बराकी तपासल्या. पण घरात एक छोटी खोली बांधताना माझी चूक होत होती, ती आज सांगतो.

जावई गेले आणि मुलगी आमच्याकडे राहायला आली, चौदा वर्षांच्या नातीला घेऊन. नात हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. मागच्या व्हरांड्याची तिला खोली करून द्यायचं ठरलं. जागा ८ बाय ११ फूट, म्हणजे ८८ चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या दुसऱ्या खोलीसाठी किमान साडेसात चौरस मीटर सांगितलेत, सुमारे ८१ चौरस फूट. तेवढं बसत होतं. वर स्लॅब होताच, दोन बाजूंना घराच्या भिंती. बांधायच्या फक्त दोन. पेन्शनमधून ५०,००० बाजूला काढले.

विटा घेतल्या फ्लाय अ‍ॅशच्या. वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेपासून त्या करतात. आकार एकसारखा असतो, त्यामुळे गिलावा पातळ चालतो आणि सिमेंट वाचतं. घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, आवाज खणखणीत यायला हवा. इथला मे महिना भाजून काढतो, म्हणून स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले.

माझा बेत होता, जमिनीला टाइल्स आणि दाराला पडदा. नातीनं विचारलं, ‘‘आबा, दाराला आतून कडी असेल ना?’’ मी म्हटलं, ‘‘आपलंच घर आहे बाळा, कडी कशाला?’’ ती गप्प बसली.

रात्री सौ. म्हणाली, ‘‘अहो, पोरगी रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडते. तिला कडी लावता येते अशी तेवढीच जागा आहे या घरात.’’

सकाळी टाइल्स रद्द केल्या. जुनी लादी घासून घेतली. हिशेब असा झाला: विटा, वाळू, सिमेंट १२,०००, मजुरी १३,०००, दार आणि जाळीची खिडकी १२,०००, वायरिंग, पंखा ७,०००, रंग, चुना ३,०००. उरलेल्या ३,००० ची गादी. खाट जुनी, कपड्यांना माझी काळी ट्रंक, आणि एका जुन्या फळीचं अभ्यासाचं टेबल.

पहिल्याच आठवड्यात मी सवयीनं दार ढकलून आत गेलो, बराक तपासायला जावं तसा. ती काही बोलली नाही. संध्याकाळी बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत होता.

तेव्हापासून मी टकटक करतो आणि थांबतो. कधी आतून ‘‘नंतर, आबा’’ येतं. मग मी परत फिरतो. परवा मात्र तिनं स्वतःच दार उघडलं, खाटेवर जागा केली आणि बाबांचे फोटो दाखवत बसली.

तुमचं बजेट कमी असेल, तर टाइल्स सोडा, कपाट सोडा. दार आणि कडी तेवढी सोडू नका.