घरच्या शाळेतली चरित्रं



संयोजकांनी मला 'मुलांचं वाचन' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. ज्या शाळेने मला वाचायला शिकवलं, तिच्याच व्यासपीठावरून 'माझा मुलगा शाळेत जात नाही' हे कसं सांगायचं? समोर बाई बसल्या आहेत. गृहपाठ न करता वर्गात आल्यासारखं वाटतंय.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. बदल्यांमुळे चार वर्षांत तीन शाळा झाल्या. प्रत्येक ठिकाणी तो आणखी गप्प होत गेला, तेव्हा आम्ही त्याला घरीच शिकवायचं ठरवलं. त्याला दोन वर्षं झाली. पुढे दहावीची परीक्षा एनआयओएसमधून देता येते, त्यामुळे ती काळजी नाही. काळजी वेगळीच निघाली. मी घरून काम करते. माझी मीटिंग सुरू झाली की त्याच्या हातात टॅब. आधी गणिताचे व्हिडिओ, मग कसलेही. एका रात्री सहज हिशेब केला, तर दिवसाचे सहा तास भरले. टॅबला काय दोष द्यायचा, तो मीच दिला होता.

मग आपण सगळे करतो तेच मी केलं. थोरामोठ्यांच्या गोष्टींची पातळ पुस्तकं आणली. चार दिवसांनी तो म्हणाला, "आई, हे सगळे लहानपणापासूनच हुशार आणि खरं बोलणारे. मग पुढे काय होणार ते कळतंच की." मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

तुम्हाला आपला ग्रंथालयाचा तास आठवतो? लोखंडी कपाट, त्याची अडकणारी कडी आणि वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'ची ती एकुलती एक प्रत, जिच्यासाठी नंबर लागायचे. ते पुस्तक मी पुन्हा आणलं. या वेळी त्याच्या हातात दिलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर मीच मोठ्याने वाचायला लागले.

मला वाटलं होतं, शेंगदाण्यांपासून केलेल्या नाना वस्तूंनी तो थक्क होईल. तो अडकला भलतीकडेच. जॉर्ज अशक्त होता, म्हणून घरातच राहायचा. स्वयंपाक, शिवणकाम, कपडे धुणं शिकला आणि अक्षरओळखही सुझन कार्व्हर बाईंनी घरीच करून दिली. गावातल्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून तो आठ-दहा मैलांवरच्या निओशोला गेला. पुढे एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात पोचल्यावर रंग बघून नाकारला. सिम्पसन कॉलेजात शिकताना तो लोकांचे कपडे धुऊन पोट भरत होता. "म्हणजे लहानपणी शिकलेलं कपडे धुणं उपयोगी पडलं," माझा मुलगा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचे मोजे धुतले. एकदाच; फार आनंदू नका.

नंतर महर्षी कर्वे आले. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी, सुमारे ११० मैल. आणि तिथे सांगितलं गेलं की तू वयाने लहान दिसतोस, बसता येणार नाही. आम्ही नकाशा काढला. तो बराच वेळ सह्याद्रीवरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "आणि मग घरी जाऊन काय सांगितलं असेल?" तीन शाळांत नवखेपणाने उभा राहिलेला मुलगा हा प्रश्न विचारत होता. १९५८ सालच्या भारतरत्नाविषयी त्याने एक अक्षर विचारलं नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शाळेतल्या मुलाला रोज चाळीस मुलं दिसतात: कुणी नापास होतो, कुणी रडतो, कुणी परत उठतो. घरी शिकणाऱ्या मुलाला फक्त आई दिसते, आणि स्क्रीनवर दिसतात ती जिंकून झालेली माणसं. हरलेला दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ त्याला फक्त चांगल्या चरित्रात भेटते. म्हणून पुस्तक निवडताना मी आता एवढंच बघते, की यात माणूस चुकतो का, कंटाळतो का, त्याला पैसे कमी पडतात का.

रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणी मी सध्या स्वतःसाठी वाचते आहे. दोघीही लग्नानंतर घरीच शिकल्या. पण त्याचा आधार घेऊन मी मिरवणार नाही. त्यांना शाळेचं दार जवळजवळ बंदच होतं. आमच्यासाठी ते उघडं होतं आणि आम्ही बाहेर पडलो. हा फरक मला टोचतो.

टॅब सुटलेला नाही. दीड-दोन तासांवर आलाय, तोही मी रात्री वाचायला बसते म्हणून. ज्या आठवड्यात मी दमते, त्या आठवड्यात तास परत वाढतात.

गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "साध्या माणसांची चरित्रं नसतात का?" मी म्हटलं, कुणीतरी लिहावी लागतात. तेव्हापासून त्याने एक वही केली आहे. आज तो इथेच आहे, मागच्या रांगेत, निळ्या शर्टात. बाई, जेवणाच्या वेळी तो तुमच्याकडे येणार आहे. तुमची पहिली नोकरी, पहिला पगार, आणि वर्गात रडू आलं होतं का, असे अकरा प्रश्न त्याने लिहून आणलेत. माझी विनंती एवढीच, त्याला खरी उत्तरं द्या. आणि मी नववीत कशी होते ते विचारलं, तर तेही सांगा.